बुंध्याशी फुटलेला तुरा

तोंडावर सगळे तिला मुकादमकाकू म्हणत आणि पाठीमागे कात्री. दोन्ही नावं तिला ठाऊक होती, आणि खरं सांगायचं तर पाठीमागचंच तिला जास्त आवडायचं. मुकादम काय, बियाण्याची कंपनी कुणालाही करते. कात्री व्हायला बोटं लागतात.

तिच्या उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं म्हणजे काय चीज होती, ते मक्याच्या शेतात पहाटे जाऊनच बघावं. तुरा अजून पोंग्यात असतो, पानांच्या पदराआड लाजत बसलेला. डोळ्यांना दिसत नाही, पण तिच्या बोटांना तो कळायचा. डाव्या हाताने मक्याचं उभं ताट धरायचं, उजव्याने सरळ वर ओढायचं. चट् असा बारीक आवाज व्हायचा आणि तुरा देठासकट हातात यायचा. एक पान फाटायचं नाही. बाकीच्या बायका एक ताट आटोपेपर्यंत ती पुढच्या तिसऱ्याला हात घालत असायची. अंगात नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला घट्ट फडकं, आणि तरी मक्याच्या पात्याने गालावर ओरखडे उमटायचेच. दंव पडलेलं पान ओल्या करवतीसारखं असतं.

हे काम बियाण्याच्या मक्याचं. त्यात एक ओळ नराची आणि तिच्या शेजारी चार ओळी मादीच्या असतात. मादीच्या प्रत्येक ताटाचा तुरा, त्यातून पिवळी धूळ उडायच्या आत, हाताने काढावा लागतो. मग त्यांच्या कणसांवर धूळ पडते ती फक्त नराच्या ओळीची, आणि दोन घराण्यांचं जोमदार बी तयार होतं. बायका नराच्या ओळीला नवरोबाची ओळ म्हणायच्या. धूळ उडून झाली की नवरोबा कापून गुरांना घालायचे, कारण त्यांची कणसं बियाण्यात मिसळून चालत नाही. दर हंगामात त्या दिवशी कुणीतरी म्हणायचीच, की काम झालं की कापून गोठ्यात, ही सोय देवाने माणसांतही ठेवली असती तर किती संसार सुखाचे झाले असते. मग ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हशा पसरायचा. कात्रीही हसायची. तिचा नवरा धडधाकट होता तोवर ती सगळ्यात मोठ्याने हसायची.

तीन बाजूंनी टेकड्या आणि चौथ्या बाजूने नदी, अशा त्या खोलगट जागेत दुसरीकडच्या मक्याची धूळ वाऱ्याने यायची नाही. म्हणून कंपनीने ती जागा निवडली होती. नाहीतर त्या जागेत दुसरं काही घेण्यासारखं नव्हतं. कंपनी आली तशी घरांवर पक्की छपरं आली, दवाखाना आला, मुलींच्या शाळेला भिंत आली. इथलं बी दूरदूर जायचं आणि त्याचा मका जगभर पिकायचा. माणूस म्हणतो, मी कुठे मका खातो? पण त्याने खाल्लेल्या कोंबडीच्या पोटात मका असतो, त्याच्या दुधाच्या मागे मका असतो, औषधाची गोळी फुटू नये म्हणून तिला धरून ठेवणारी पांढरी भुकटी मक्याची, खोक्याच्या कडेचा डिंक मक्याचा, आणि गाडीच्या टाकीत पेट्रोलबरोबर जळतो तोही मक्याचा अर्क. नाटकात काही नट असे असतात, की त्यांचं नाव फलकावर नसतं आणि ते आले नाहीत तर पडदा वर जात नाही.

एवढं सगळं एका अटीवर उभं होतं. शेताच्या चारी बाजूंनी, कंपनीने आखून दिलेल्या हद्दीत, दुसरा मका उगवता कामा नये. परसात नाही, कुंपणाशी नाही, उकिरड्यावर चुकून पडलेल्या दाण्याचासुद्धा नाही. परकी धूळ एकदा कणसाच्या केसांवर बसली की ते बी बाटलं. आणि बी बाटलं तर कंपनी ते घेणार नाही, एवढंच नव्हे, पुढच्या हंगामाला दुसरी जागा बघेल. टेकड्या काय, जगात पुष्कळ आहेत.

ही हद्द राखायचं काम कात्रीकडे होतं, आणि ते ती डोळ्यांत तेल घालून करायची. लोकांच्या परसात शिरून तिने मक्याची रोपं उपटली होती. शाळेतल्या पोरांनी डब्यात लावलेलं रोप उपटलं होतं. गेल्या वर्षी तर भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या धाकट्या जावेचीही रोपं गाठली. धाकटीने शेळीसाठी म्हणून गोठ्यामागे मूठभर दाणे टाकले होते. कात्रीने चार बायकांसमोर ती रोपं उपटली, कंपनीला कळवलं, आणि धाकटीचं शेतावरचं चहा-पाण्याचं काम महिनाभर बंद झालं. नवरा गेलेल्या बाईचं महिनाभर.

धाकटी तेव्हा ओरडली नाही. उपटलेल्या रोपांच्या मुळांची माती झटकत एवढंच म्हणाली, "आज माझं उपटलंत, जाऊबाई. तुमच्या दारात उगवेल तेव्हा कोण उपटणार, ते बघायचंय मला."

त्या दिवसापासून दोघींत बोलणं नव्हतं.

कात्रीच्या नवऱ्याने उभी हयात मक्याच्या गोदामात काढली होती. आधी हमाल, मग भट्टीवर, जिथे ओला मका गरम वाऱ्यावर वाळवतात. त्या वाऱ्याबरोबर जी लालसर भुशी उडते ती छातीत बसली. आता तो मागच्या खोलीत, खिडकीशी टेकून बसलेला असायचा, कारण आडवं झालं की श्वास अडकायचा. दवाखान्यातून गोड औषधाची बाटली आली. डॉक्टर कात्रीला बाहेर घेऊन गेले आणि म्हणाले की आता पुढच्या हंगामाचा विचार करू नका. कात्रीने आत येऊन नवऱ्याला सांगितलं की आराम पडेल म्हणालेत. त्याने बाटलीवरच्या कागदावर बोट ठेवलं. गोदामातून माल कुठे कुठे जातो ते त्याला पाठ होतं.

"ही साखरही मक्याचीच," तो म्हणाला. "मक्याने खोकला दिला आणि मकाच उतारा देतोय. घरच्या घरात."

त्याच खोलीत, दारावरच्या खिळ्याला, त्याच्या आईच्या हातचं एक कणीस टांगलेलं होतं. काळ्या दाण्याचं. काळं म्हणजे पिकलेल्या जांभळासारखं, उन्हात धरलं की आत जांभळी आग दिसावी असं. आई असेपर्यंत ते दर दोन-तीन वर्षांनी लावायचं आणि ताजं कणीस पुन्हा खिळ्याला टांगायचं, असा क्रम होता. आई गेली, कंपनी आली, हद्द आखली गेली. एकदा दूरच्या मावसबहिणीकडे लावून आणलं होतं, त्यालाही बरीच वर्षं झाली. मक्याचा दाणा काही युगानुयुगं जिवंत राहत नाही.

"या वर्षी मातीत गेलं नाही तर मेलं ते," नवरा म्हणाला.

कात्री म्हणाली, नाही. दुसऱ्या दिवशीही म्हणाली, नाही. तिसऱ्या दिवशी त्याने विचारलंच नाही, नुसता खिळ्याकडे बघत बसला. विचारणाऱ्याला नाही म्हणता येतं, गप्प बसणाऱ्याला काय म्हणणार?

घराच्या मागे फळ्यांचं कुंपण घातलेलं छोटं अंगण होतं. कुंपणापलीकडे थोडी पडीक जागा आणि लगेच शेत. कात्रीने न्हाणीच्या पाण्यावर, खिडकीतून दिसेल अशा बेताने, दाणे टोचले. निम्मे उगवलेच नाहीत. जे उगवले त्यांची ताटं बुटकी, खांद्याएवढी, लाल देठाची. पुढे दोरीवर ती जुन्या चादरी वाळत घालायची. तशी गरजही नव्हती. राखणदाराच्या अंगणात डोकावून बघायची छाती कुणाची होती?

तिचा हिशोब सरळ होता, आणि तो तिच्या धंद्यातलाच होता. तुरा नसलेलं ताट कुणाचं वाकडं करत नाही. रोज पहाटे शेतावर जायच्या आधी अंगणातला प्रत्येक तुरा पोंग्यातच काढायचा. शेतातल्या कणसांचे केस वाळून तपकिरी झाले, की मग अंगणातल्या मागे राहिलेल्या ताटांपैकी एकदोघांचे तुरे राहू द्यायचे. त्यांच्यावर नवऱ्याचं कणीस भरेल आणि शेतालाही झळ नाही. नवऱ्याला तिने असं समजावून सांगितलं. त्याने मान डोलावली.

आणि चूक झाली ती इथेच. दुसऱ्या कुणा अडाण्याच्या हातून ती झाली नसती, कारण त्याने झाड वरपासून खालपर्यंत पाहिलं असतं. कात्रीने सारं आयुष्य कंपनीच्या मक्यात घालवलं होतं. त्या मक्याचं ताट म्हणजे पलटणीतला शिपाई. एक ताट, एक तुरा, आणि तुरा कायम शेंड्याला. तिची मान जन्मभर वर बघायला शिकली होती. जुन्या मक्याला मात्र बुंध्यातून फुटवे येतात. तो उसासारखा बाजूने पसरतो, आणि त्या फुटव्यांना गुडघ्याच्या उंचीवर, पानांच्या गर्दीत, छोटे छोटे तुरे लागतात. सासूच्या हाताखाली लग्नानंतरची दोन वर्षं तिने ते पाहिलंही असेल. पण तिची बोटं ते विसरली होती.

शेतात तुरे काढायचे ते दिवस म्हणजे नुसती झुंबड. बायका अंधारात निघायच्या आणि अंधारात परतायच्या. कात्री पहाटे कंदिलाच्या उजेडात अंगणातल्या शेंड्यांवरून हात फिरवायची, सगळे बोडके आहेत याची खात्री करायची आणि निघायची. दिवसभर ती शेतात दुसऱ्या बायकांच्या नजरेतून सुटलेले तुरे शोधत हिंडायची. आणि तिच्या अंगणात, बुंध्याशी, पिवळी धूळ फळ्यांच्या फटीतून वाऱ्यावर बसून निघायची.

कणसं खुडून छपराखाली आली. तिथे फिरत्या पट्ट्यावरून सोललेली कणसं सरकत जातात आणि दोन्ही बाजूंनी बसलेल्या बायका किडकी, वाकडी, बुरशीची बाजूला काढतात. पट्ट्याच्या तोंडाशी कात्री. दुपारपर्यंत सगळं पिवळंधमक होतं. दुपारनंतर, शेताच्या कडेच्या ओळींचा माल येऊ लागला तेव्हा, एका कणसावर तिला ठिपका दिसला.

तिला आधी वाटलं, बुरशी. तिने अंगठा फिरवला. पुसला गेला नाही. पिवळ्या ओळीत एक दाणा, जांभळ्या शिंतोड्यांचा.

काळ्या मक्याची धूळ पिवळ्यावर बसली की त्याची साक्ष त्याच हंगामात, त्याच दाण्यावर उमटते. हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिने नखाने तो दाणा उचकटला आणि शर्टाच्या खिशात टाकला. कणीस पुढे सरकलं, दात पडलेल्या तोंडासारखं. मग दुसरं आलं. त्यात तीन दाणे. मग एकामागून एक येतच राहिली. शेजारची म्हणाली, काकू, आज तुमचा हात फारच चालतोय. कात्रीने पुढचं कणीस ओढलं. नखातून रक्त यायला लागलं होतं आणि खिसा जड झाला होता.

चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, तिच्या मनात भर दुपार होती. पट्टा काही थांबणार नव्हता, आणि कडेच्या ओळींचे ढीग दारापर्यंत लागले होते.

कंपनीचा तपासनीस संध्याकाळी आला. तसा भला माणूस, बायकांना अहो-जाहो करणारा. त्याने ढिगातून हाताला लागतील ती कणसं उचलली आणि उलटसुलट करून पाहिली. मग पट्टा बंद करायला सांगितलं. त्या छपराखाली एवढी शांतता कधी कुणी ऐकली नव्हती. तो म्हणाला, रंग दिसतो म्हणून हे कळलं. वारा कुठवर गेला ते कोण सांगणार? सगळा माल नापास. आणि ज्याच्या दारात हा मका होता त्या घराला कंपनीचं कुठलंच काम, चारा, पाणी, काहीही मिळणार नाही. पण घर कुठलं ते कळलं, तर पुढच्या वर्षीसाठी वरच्यांना सांगता येईल की दोष एकट्याचा होता, जागेचा नाही. शब्द देत नाही, म्हणाला, पण सांगून बघेन.

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि मग सगळ्यांच्या नजरा एकाच दिशेला गेल्या. कोपऱ्यात धाकटी चहाची किटली घेऊन उभी होती. गेल्या वर्षीची गुन्हेगार. तिच्या गोठ्यात मक्याची ताटं पडली आहेत, कुणीतरी म्हणालं. ती तर नवरोबाची, सगळ्यांना चाऱ्याला वाटून दिली होती तीच, दुसरी म्हणाली. पण हिने सूड घेतला असणार, तिसरी म्हणाली. तपासनीसाने धाकटीला विचारलं की तुमच्या घरामागे काळा मका होता का.

धाकटीने किटली खाली ठेवली. नाही म्हणाली. मग कुणाच्या घरामागे होता ते माहीत आहे का, असं त्याने विचारलं.

धाकटीने कात्रीकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. दोन्ही घरांच्या मागच्या अंगणांमधली भिंत छातीएवढीच होती आणि धाकटीची शेळी त्याच भिंतीला बांधलेली असायची. त्या क्षणी कात्रीला कळलं, की हिला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.

"मला काय माहीत?" धाकटी म्हणाली. "मी आपली चहावाली."

कुणीतरी मागून म्हणालं, हिचंच आहे, लिहून घ्या साहेब. तपासनीसाने पेनाचं टोपण काढलं. धाकटी तशीच उभी राहिली, पदराला हात पुसत.

कात्री उठली. पट्ट्यावरून वाकून तिने खिसा उलटा केला. ठिपक्यांचे दाणे पत्र्यावर तडतडले.

"मुळं माझ्या अंगणात आहेत," ती म्हणाली. "अजून उभी आहेत. हिला कशाला लिहिता?"

कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बायकांनी फडकी सोडली, डबे उचलले आणि एकेक करून निघाल्या. फक्त सगळ्यात म्हातारी दाराशी थांबून, जरा विचार करून म्हणाली, "कुंपणानेच खाल्लं गं शेत." तिच्या बोलण्यात राग नव्हता, एखादी जुनी म्हण अखेर खरी झाल्याचं नवल होतं.

घरी येऊन ती सरळ मागे गेली. गुडघ्यांवर बसली आणि पहिल्यांदाच तिने ती ताटं खालून पाहिली. फुटवे. वाळलेले, रिकामे झालेले छोटे तुरे, एक नाही, कितीतरी. फळ्यांच्या फटींना अजून पिवळी धूळ चिकटलेली होती.

वर पाहिलं तर खिडकीत नवरा होता. तिथून बुंधे स्पष्ट दिसत होते. तो दिवसभर तिथेच बसायचा, दुसरं काही बघायला नव्हतंच.

"दिसत होते तुम्हाला?" तिने विचारलं.

त्याने खोकला संपू दिला. मग म्हणाला, "दिसत होते."

"आणि बोलला नाहीत."

"बोललो असतो तर उपटले असतेस."

खरंच तिने उपटले असते. तो पुढे म्हणाला की शेवटी एकदोन ताटं राखशील असं तू म्हणालीस, पण शेताच्या बाबतीत तुझ्या ‘शेवटी’ या शब्दावर माझा विश्वास नव्हता, आणि मला तेवढं थांबता येणार नव्हतं. हे सांगताना त्याचा आवाज अपराध्यासारखा नव्हता. मरणाऱ्या माणसाजवळ लाजेला जागा उरत नसावी.

भिंतीपलीकडून शेळी ओरडली. धाकटी तिथे होती, हनुवटी भिंतीवर टेकवून. वर्षभरात पहिल्यांदा ती घरातल्यासारखी बोलली.

"मीही बघत होते, जाऊबाई. वाटलं होतं, मजा येईल. मग भाऊजी त्या पानांकडे बघून हसताना दिसले. मग कुठली मजा."

बी कोंबड्यांच्या खाद्याच्या कारखान्यात गेलं, पडेल त्या भावाने. तपासनीसाने वर सांगून पाहिलं असेलही, पण पुढच्या हंगामाला कंपनीचे ट्रक आले नाहीत. छपराखालचा पट्टा उचलून नेला. तुरे काढणाऱ्या बायका पांगल्या, कुणी शहरात फरशी पुसायला, कुणी वीटभट्टीवर. ज्या उरल्या त्या कात्रीला रस्त्यात भेटत, आणि तब्येत कशी आहे विचारत, आणि पुढे जात.

नवरा त्याच्या आधीच गेला होता. जायच्या आठवड्यात अंगणातली कणसं पक्की झाली. कात्रीने ती सोलून त्याच्या मांडीवर ठेवली. काळीकुळकुळीत, एकही दाणा वेगळा नाही. त्याने कणीस उन्हात धरलं, आतली जांभळी आग पाहिली आणि म्हणाला की आईचंच आहे, हुबेहूब. खिळ्याला टांग म्हणाला.

तिने टांगलं. त्या कणसांचे केस बाहेर आले तेव्हा शेतातले नवरोबा भरात होते. वारा फळ्यांच्या फटीतून जसा बाहेर जातो तसा आतही येतो. मात्र काळ्या मक्याच्या पोटी परकी धूळ पडली तर पहिल्या पिढीत दाणा काळाच राहतो, रंग आईचा. आत काय आहे ते पुढच्या पेरणीला कळतं. हे तिला माहीत होतं. ते तिने त्याला सांगितलं नाही. तोही इतके दिवस खिडकीत बसून गप्पच होता की.

पुढे हद्द उठली. हवं त्याने हवा तो मका लावावा. कात्रीने अंगणात खिळ्यावरचे दाणे टोचले आणि या वेळी एकाही तुऱ्याला हात लावला नाही. वारा आला की तुरे हलायचे आणि तिची तीन बोटं आपोआप मिटायची. धाकटी भिंतीवरून म्हणायची, बसा, हातावर बसा.

कणसं भरली तेव्हा दोघींनी मिळून सोलली. काळा दाणा, काळा, पिवळा, काळा, पुन्हा पिवळा. प्रत्येक कणसावर तेच. धाकटीने एक हातात घेऊन फिरवून पाहिलं आणि विचारलं की यातलं टांगायचं कोणतं.

कात्री बराच वेळ कणसं चाळत राहिली. मग त्यातलं एक उचलून तिने पिवळे दाणे नखाने उचकटायला सुरुवात केली, एकेक करून, अगदी हलक्या हाताने, शेजारचा काळा दाणा दुखावू नये म्हणून.